वैद्यकीय इच्छापत्र : कायदा काय म्हणतो आणि कागदावर काय लिहावे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ‘समाजाला उपयोगी पडेल असे काही’ लिहून द्या, अशी सूचना केली. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या दवाखान्यात सर्वाधिक वेळा विचारला गेलेला, रोगाशी थेट संबंध नसलेला प्रश्न म्हणजे, “डॉक्टर, शेवटी मला नळ्या लावू नका, असे कुठे लिहून ठेवता येते का?” विचारणारे बहुधा सत्तरीच्या पुढचे, आणि मुले पुण्या-बंगळूरला किंवा त्याहून दूर असलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर आज ‘होय, येते’ असे आहे. मात्र कसे, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत, हे सांगायला पाच मिनिटे पुरत नाहीत. म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘मृत्युपत्र’ आणि ‘इच्छापत्र’ हे दोन्ही शब्द आपण मालमत्तेच्या वाटणीच्या कागदासाठी वापरतो. तो कागद माणूस गेल्यावर बोलू लागतो. येथे ज्याचा विचार करायचा आहे तो कागद माणूस जिवंत असताना, परंतु स्वतः बोलू शकत नसताना त्याच्या वतीने बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्याला आगाऊ वैद्यकीय निर्देश असे नाव आहे. लोक लिव्हिंग विल म्हणतात. मी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ हा शब्द वापरतो. जमीनजुमल्याचे मृत्युपत्र आणि हे वैद्यकीय इच्छापत्र एकाच कागदावर करू नये. मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतरच उघडले जाते!

या कायद्याचा इतिहास सांगताना अरुणा शानबाग यांचे नाव टाळता येत नाही. कारवारच्या किनाऱ्यावरील हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर मेंदूला कायमची इजा होऊन ती पुढे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली. पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अर्ज फेटाळला गेला, कारण तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा उपचार थांबवण्यास ठाम विरोध होता. परंतु त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीव कृत्रिमरीत्या टिकवणारे उपचार थांबवता येतील, हे तत्त्व भारतात प्रथमच मान्य झाले. अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवतो. इंजेक्शन देऊन किंवा अन्य कृतीने रुग्णाचा मृत्यू घडवून आणणे हा आजही मनुष्यवधाचाच गुन्हा आहे आणि रुग्णाने लेखी विनंती केली तरी तो गुन्हा राहतो. ‘इच्छामरण’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टींसाठी सरसकट वापरल्यामुळे पुष्कळ गैरसमज झाले आहेत. विनोबांनी १९८२ साली पवनार येथे अन्न आणि औषध सोडले, किंवा आपल्या बेळगाव परिसरातील जैन कुटुंबांत सल्लेखनेचे व्रत घेतले जाते, त्यांचा विचार धर्माच्या आणि साधनेच्या अंगाने होतो. वैद्यकीय इच्छापत्राचा प्रश्न त्याहून साधा आहे : रोग बरा होण्याची आशा संपलेली असताना केवळ मरणाची प्रक्रिया लांबवणारे यंत्र मला लावावे की नाही, हे कोणी ठरवायचे?

याचे उत्तर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिले. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ साली केलेल्या याचिकेवरचा हा निकाल. सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि संसद कायदा करीपर्यंत पाळावयाची कार्यपद्धती घालून दिली. तत्त्व उत्तम होते, पण कार्यपद्धती मात्र चालवणे अशक्य होते. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. रुग्णालयाच्या मंडळात वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ हवेत. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने दुसरे मंडळ नेमायचे. आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी येऊन खात्री करायची. जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या कोणत्याही डॉक्टराने यातील प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील याचा हिशेब मनाशी करून पाहावा. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेने हीच अडचण न्यायालयापुढे मांडली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने ही पद्धत पुष्कळ सोपी केली. आपल्याला लक्षात ठेवायची ती ही २०२३ची पद्धत. अजूनही काही वकील मंडळी न्यायदंडाधिकाऱ्याची सही आणायला सांगतात. ती आता लागत नाही.

इच्छापत्र कोणी करावे? अठरा वर्षांवरील, सुदृढ मनाच्या, कोणत्याही व्यक्तीने. आजारी असण्याची अट नाही. ते स्वेच्छेने, दडपणाशिवाय आणि परिणाम समजून केलेले हवे, आणि तसे त्यात लिहिलेले हवे. दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी करावी. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र असावेत, असे न्यायालय म्हणते. माझ्या मते वारसदार, नाव दिलेले नातेवाईक आणि स्वतः उपचार करणारा डॉक्टर यांनी साक्षीदार होऊ नये. शेजारी, निवृत्त सहकारी, वाचनालयातले स्नेही चालतात. नंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन करावे. ही सही स्वेच्छेने आणि समजून झाली आहे, याची आपली खात्री पटल्याचे साक्षीदार आणि नोटरी या दोघांनीही नमूद करायचे असते. नुसता शिक्का मारून घेणे पुरेसे नाही. डॉक्टरांचे मानसिक स्वास्थ्याचे प्रमाणपत्र निकालात मागितलेले नाही, तरी ऐंशीच्या पुढील व्यक्तीने ते जोडावे, असा माझा सल्ला असतो. पुढे कोणी ‘तेव्हा बाबांना काही कळत नव्हते’ असे म्हणू लागले, तर तो कागद उपयोगी पडतो.

आपल्या वतीने संमती देणाऱ्या पालकाचे किंवा निकटच्या नातेवाइकाचे नाव इच्छापत्रात द्यावे लागते. २०२३ पासून एकाहून अधिक नावे देता येतात. आपल्याकडे रिवाज असा की थोरल्या मुलाचे नाव आपोआप घातले जाते. तसे करू नये. जो माणूस तुमच्या शब्दाला जागेल, चुलत्या-मावश्यांचा गराडा पडला असताना शांतपणे बोलू शकेल आणि एका रात्रीत रुग्णालयात पोहोचू शकेल, त्याचे नाव द्यावे. ती धाकटी मुलगी असेल, तर तिचे द्यावे. आणि नाव देण्यापूर्वी तिला विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे : शब्द. “मला नळ्या लावू नका” हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते जवळपास निरुपयोगी आहे. कोणत्या नळ्या? लघवी तुंबली तर लावलेला कॅथेटरही नळीच. निकालात स्पष्ट म्हटले आहे की निर्देश संदिग्ध असेल तर मंडळाने तो अमलात आणू नये. त्या रुग्णाचे इच्छापत्रच नाही असे समजून पुढची पद्धत चालवावी. म्हणजे एवढा खटाटोप वाया गेला.

याउलट “कोणत्याही परिस्थितीत मला व्हेंटिलेटर लावू नये” हे वाक्य स्पष्ट आहे, पण ते घातक आहे. खानापूरच्या रानात मण्यार किंवा नाग चावलेला शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, चार-सहा दिवस व्हेंटिलेटर लागतो, प्रतिविष दिले जाते आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात चालत घरी जातो. फवारणीच्या औषधाची विषबाधा, साध्या न्यूमोनियानंतरचा काही दिवसांचा श्वासदोष, या सर्वांत व्हेंटिलेटर हा पूल आहे. त्यावरून माणूस पलीकडे जातो. कायद्यानेही हे ध्यानात घेतले आहे. इच्छापत्र लागू होते ते रोग अंतिम अवस्थेत गेला आहे, दीर्घ उपचार चालू आहेत, बरे होण्याची आशा नाही आणि रुग्णाची निर्णयक्षमता गेली आहे, अशाच वेळी. शिवाय लिहिणाऱ्याने ज्याची कल्पना केली नव्हती अशी परिस्थिती उद्भवली असेल तर ते लागू होत नाही. तरीही शब्द नीट लिहिलेले असावेत, कारण रात्री दोन वाजता कागद वाचणारा निवासी डॉक्टर निकालपत्र उघडून बसणार नाही.

मी रुग्णांना सुचवतो तो मजकूर साधारण असा : “माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे असे नियमाप्रमाणे नेमलेल्या दोन्ही वैद्यकीय मंडळांचे मत झाले आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर केवळ मृत्यू लांबवणारे पुढील उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत : कृत्रिम श्वसन, छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे. वेदना, धाप, अस्वस्थता कमी करणारे सर्व उपचार आणि शुश्रूषा अखेरपर्यंत चालू ठेवाव्यात. काही दिवसांच्या तात्पुरत्या उपचाराने मी पूर्ववत होण्याची वाजवी शक्यता असेल, तर ते उपचार मला द्यावेत. या निर्देशाचे परिणाम मला समजलेले आहेत आणि मी तो केव्हाही लेखी रद्द करू शकतो, हे मला ठाऊक आहे.” नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न देण्याबाबत मात्र प्रत्येकाने स्वतंत्र विचार करून स्वतंत्र वाक्य लिहावे. आपल्या घरांत अन्न-पाण्याला जो अर्थ आहे तो औषधाला नाही, आणि नेमक्या याच मुद्द्यावर भावंडांत वाद होतात.

२०२३च्या पावसाळ्यातली एक हकीकत सांगतो. तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी, मज्जारज्जूच्या पेशी झिजण्याच्या असाध्य विकाराने आजारी. बोलता येत होते तोवर त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पाने लिहून ठेवली होती : गळ्याला छिद्र पाडून श्वासाचे यंत्र लावू नये. पाने कपाटात पोथ्यांखाली होती. साक्षीदार नव्हते, साक्षांकन नव्हते आणि कोणाचे नावही दिलेले नव्हते. एका रात्री धाप लागली, शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले, यंत्र लावले गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या पत्नीने ती पाने आणून माझ्या हाती दिली. गावातला मुलगा म्हणाला, “अप्पांची इच्छा आहे तसे होऊ दे.” आखातातून आलेला मुलगा म्हणाला, “मी आलो आणि लगेच अप्पांना सोडायचे? लोक काय म्हणतील?” दोघेही वडिलांवर जीव लावणारे होते. त्या दोन पानांना निर्देशाचा दर्जा नव्हता. नातेवाइकांच्या संमतीने पुढे जाण्याचा मार्ग मोकळा होता, पण संमती एकमताने मिळेना. गुरुजी एकोणीस दिवस यंत्रावर राहिले. त्यांचे डोळे उघडे असत. काकूंनी त्या काळात मला एकदाच विचारले, “त्यांनी लिहिलेले कोणी वाचले नाही का हो?”

नोटरीचा खर्च आणि अर्ध्या दिवसाची धावपळ, एवढ्याने हा प्रसंग टळला असता. म्हणून कागद पूर्ण करा, असे मी आग्रहाने सांगतो.

आता रुग्णालयातील पद्धत, खास व्यवसायबंधूंसाठी. इच्छापत्र पुढे आले की उपचार करणाऱ्या डॉक्टराने प्रथम त्याचा खरेपणा तपासावा, डिजिटल आरोग्य नोंदीतून किंवा ज्याच्या ताब्यात प्रत आहे त्या अधिकाऱ्याकडून. नंतर रुग्णालयाने प्राथमिक मंडळ नेमावे : उपचार करणारा डॉक्टर आणि संबंधित विषयाचे किमान पाच वर्षे अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. मत शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत द्यावे. त्यांनी संमती दिल्यास रुग्णालयानेच दुय्यम मंडळ नेमावे : जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नियुक्त केलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे दोन तज्ज्ञ. पुन्हा शक्यतो अठ्ठेचाळीस तास. इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावा. कळवावा, एवढेच, परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दुय्यम मंडळाने नकार दिला तर नातेवाईक, डॉक्टर किंवा रुग्णालय उच्च न्यायालयात जाऊ शकतात. इच्छापत्र नसलेल्या रुग्णासाठीही हीच दोन मंडळांची पद्धत आहे. फरक एवढाच की तेथे निकटच्या नातेवाइकांची लेखी संमती घ्यायची असते.

जो रुग्ण शुद्धीत आहे, समजून-उमजून बोलतो आहे, त्याने उपचार नाकारला तर हे सारे मंडळ-प्रकरण लागत नाही. सज्ञान रुग्णाच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणातच सांगितले आहे. त्याचा नकार त्याच्या भाषेत लिहून, वाचून दाखवून, सही घ्यावी.

हृदयक्रिया थांबल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याच्या निर्णयासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मार्गदर्शक सूचना आणि नमुना प्रसिद्ध केला आहे. तो निर्णय फक्त त्या एका कृतीपुरता असतो. प्रतिजैविके, सलाइन, शुश्रूषा थांबवा, असा त्याचा अर्थ नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीन इंग्रजी अक्षरे लिहिण्याची जुनी सवय आपण सोडली पाहिजे. त्याऐवजी तारीख, वेळ, कोण उपस्थित होते, रोगाच्या भवितव्याबद्दल काय सांगितले, नातेवाइकांनी काय विचारले, आणि वेदनाशमनाचे नियोजन काय, हे सलग वाक्यांत लिहावे.

आपल्याकडे याला एक पळवाट रूढ झाली आहे : ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशी सही घ्यायची आणि रुग्णवाहिकेत एकाने हाताने श्वासाची पिशवी दाबत रुग्णाला घरी पोहोचवायचे. कागद डॉक्टरांच्या बाजूने होतो. रुग्णाला मात्र त्या प्रवासात ना मॉर्फिन मिळते, ना परिचारिका, आणि घरी गेल्यावर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यासाठी, म्हणजे घरी झालेल्या मृत्यूच्या ‘नमुना ४-अ’साठी, कुटुंब दारोदार फिरते. शेवटचे दिवस घरीच काढायचे हा निर्णय उत्तम असू शकतो. तो ‘सल्ल्याविरुद्ध’ असण्याचे कारण नाही. सल्ल्यानेच घरी न्यावे, सोबत औषधे द्यावीत, आणि नंतर कोणाला फोन करायचा ते लिहून द्यावे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवणे पूर्वीपेक्षा बरेच सुकर झाले आहे.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. निकालानुसार इच्छापत्राची एक प्रत आपल्या महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीकडे द्यायची आणि तिथल्या सक्षम अधिकाऱ्याने ती जपून ठेवायची. कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२५ मध्ये या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला, त्यामुळे बेळगावच्या रुग्णालयांना दुय्यम मंडळासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट मोकळी झाली. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. महाराष्ट्रात प्रती जपणारे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. परंतु चंदगडचा रुग्ण उपचारासाठी बेळगावला येतो, सावंतवाडी-दोडामार्गचा बांबोळीला जातो, आणि आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सहा महिने मुलाकडे पुण्याला असतात. त्यांनी काय करावे? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्व राज्यांना सारखाच बंधनकारक आहे, त्यामुळे चंदगडला केलेले इच्छापत्र बेळगावात निरर्थक ठरत नाही. (सीमाप्रश्न या एका बाबतीत तरी सुटलेला आहे म्हणायचा!) प्रत मात्र आपल्या कायम वास्तव्याच्या ठिकाणी द्यावी आणि खऱ्या-खोट्याची चौकशी कोठे करायची त्या कार्यालयाचे नाव इच्छापत्रातच लिहावे.

भाषेबद्दल. इच्छापत्र ज्या भाषेत आपण विचार करतो त्याच भाषेत करावे. मराठीत केलेले पूर्णपणे चालते. पण आपल्या गावी रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा डॉक्टराला मराठी वाचता येईलच असे नाही. म्हणून इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडून त्यावरही त्याच साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

आणखी दोन गैरसमज. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ यातही ‘आगाऊ निर्देश’ आहे, पण तो मानसिक आजाराच्या उपचारासाठी आहे. त्याचा नमुना येथे वापरू नये. दुसरा गैरसमज मुखत्यारपत्राचा. बँकेच्या आणि घराच्या कामासाठी मुलाला मुखत्यारपत्र दिलेले असते आणि तेच रुग्णालयात दाखवले जाते. देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधे मुखत्यारपत्र संपते, म्हणजे नेमके हवे तेव्हा ते उपयोगाचे नसते.

इच्छापत्राला मुदत नसते. बदलायचे असल्यास नवे करावे. एकाहून अधिक वैध कागद असतील तर शेवटच्या तारखेचा ग्राह्य. जुन्याच्या सर्व प्रती परत घेऊन फाडाव्यात. मूळ कागद लॉकरमध्ये ठेवू नये. बँक रविवारी बंद असते. एक प्रत नाव दिलेल्या नातेवाइकांकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक पालिकेत किंवा पंचायतीत, आणि तेथे आवक क्रमांकाची पोच मागून घ्यावी. शक्य असल्यास डिजिटल आरोग्य नोंदीतही घालावे. पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक लहान चिठ्ठी ठेवावी : ‘माझे वैद्यकीय इच्छापत्र आहे’, तारीख, आणि दोन दूरध्वनी क्रमांक.